बाणबाबांची उंची

"नऊ इंच? धोटे, नऊ मिलिमीटर म्हणा, मी समजून घेतो. नऊ इंच म्हणजे काय चेष्टा आहे?"

फोनवर भोयर साहेब ओरडत होते. ते आमच्या सर्व्हे कंपनीचे मालक, मूळचे नागपूरचे. मी ओमती नाल्याजवळच्या एका गल्लीत अनवाणी उभा होतो आणि माझा हेल्पर रामखिलावन देवापुढे नारळ फोडून राहिला होता. त्या दिवसातला तिसरा. शुक्रवारची दुपार होती आणि सोमवारी सकाळी माझ्या सहीची शीट साहेबांच्या टेबलावर पाहिजे होती.

मी तीस वर्षांपासून लेव्हलिंग करतो. काम सांगायला सोपं आहे. कोणती जागा कोणत्या जागेपेक्षा किती उंच, ते मोजायचं. तिपाईवर एक दुर्बीण, समोर आकडे छापलेली उंच पट्टी. या पट्टीला आम्ही स्टाफ म्हणतो. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढे सरकायचं. सुरुवात करायची ती बेंचमार्कपासून. बेंचमार्क म्हणजे ज्याची उंची सरकारी यादीत नोंदलेली आहे असा पक्का दगड. इंग्रजांच्या वेळचे असे पुष्कळ दगड अजून आहेत, त्यांच्यावर बाणाची खूण कोरलेली असते. एका दगडापासून निघायचं, दुसऱ्यावर पोचायचं. यादीतली उंची आणि आपली उंची जुळली, की घरी जेवायला जायचं.

माझी जुळत नव्हती. गल्लीच्या वरच्या टोकाला एका जुन्या सरकारी इमारतीच्या जोत्यावर एक बेंचमार्क, खालच्या टोकाला नाल्याजवळ हा दुसरा. दोघांत नऊ इंचांचा फरक येत होता. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा नऊच. माझी चूक असती तर एकदा आठ, एकदा दहा आले असते. म्हणजे दोघांपैकी एक दगड खोटं बोलून राहिला होता, आणि कोणता ते सांगायला तिसरा दगड नव्हता. होता, पण रस्ता रुंद करताना तो गेला. कंपनीचं चांगलं जीपीएस यंत्र कटनीच्या साइटवर अडकलं होतं.

"खालचा धरा," साहेब म्हणाले. "नाल्याची उंची त्याच्यावरून काढली की नाला गल्लीपेक्षा चांगला खाली येतो. गल्लीची नवी नाली सरळ तिथंच सोडता येते. ठेकेदार पाइप घेऊन उभा आहे."

"आणि वरचा खरा असला तर?"

"तर काय?"

"तर साहेब, उतार फक्त कागदावर राहील. पावसात नाल्याचं पाणी उलटं लोकांच्या घरात."

"सरकारी दगडावर संशय घेऊन राहिले तुम्ही?"

"दोन्ही सरकारीच आहेत."

"मग जवळचा धरा! सोमवारी दहा वाजता शीट." फोन बंद.

माझं डोकं फिरलं. कारण गल्लीतलं सगळ्यात खालचं घर कुंदा मावशींचं. वर्ध्याकडून लग्न होऊन आलेल्या, आता ऐंशीच्या पुढे. त्यांचा फ्रिज दर पावसाळ्यात विटांवर चढतो. मराठी माणूस दिसला म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पाजला होता आणि विचारलं होतं, "या साली तरी पाणी येणार नाही ना, धोटेभाऊ?" मी "नाही येणार, मावशी" म्हणून बसलो होतो. सही माझी, शब्दही माझाच.

आता त्या खालच्या दगडाबद्दल. तो मावशींच्या पायऱ्यांना लागूनच आहे आणि त्याची पूजा होते. चारी बाजूंनी ग्रॅनाइट, वर पत्र्याचं छत, मंगळवारी तेल-शेंदूर. नाव बाणवाले बाबा. बाणाच्या शेजारी बी आणि एम ही अक्षरं कोरलेली आहेत, त्यांचा अर्थ तिथल्या पंडितजींनी बाण महाराज असा लावलेला. आमचं काम असं, की दगडाच्या माथ्यावर स्टाफ टेकवावा लागतो. देवाच्या डोक्यावर पट्टी टेकवायची म्हणून रामखिलावननं आधी बूट काढले, मग माझे काढायला लावले. दर वाचनाला एक नारळ हा नियमही त्याचाच. खोबरं तोच खात होता, ते सोडा.

मला पहिला संशय आला शेंदराचा. दर मंगळवारचा लेप, इतकी वर्षं. मी मंदिर समितीच्या अध्यक्षांना गाठलं. गुप्ताजी, बडा फुहारा चौकात कापडाचं दुकान, पोट आणि आवाज दोन्ही दणदणीत.

"गुप्ताजी, थोडा सिंदूर खुरचकर देखना है।"

"बाबा का चोला उतारोगे? भाईसाहब, बाल-बच्चेवाले हो कि नहीं?"

शेवटी त्यांच्या देखरेखीत मी एक दाभण शेंदरात घालून पाहिलं. साडेचार मिलिमीटर. नऊ इंच शेंदूर चढायला बाबांना अजून दोन-चार हजार वर्षं लागली असती. मग मी सरळच विचारलं, "ये पत्थर कभी हिला है क्या?"

गुप्ताजींनी कानाला हात लावले. "बाबा अटल हैं। शहर हिल जाए, बाबा नहीं हिलेंगे।"

मी वहीत लिहिलं: स्थानिक चौकशी केली, दगड हललेला नाही.

शनिवारी गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी बसून मी आकडे पुन्हा पुन्हा जोडत होतो. आकडे बदलत नव्हते, चिडचिड वाढत होती. त्यात आमची पोरगी, ऋचा. ती बँकेत आहे, पण तिचा जीव रविवारात अडकलेला. दर रविवारी सकाळी ती लोकांना घेऊन शहरातला एकेक मोहल्ला फिरते, जुन्या बावड्या, जुनी दुकानं, विसरलेल्या कमानी. तिचा एक नियम आहे. मोहल्ल्यातल्या लोकांनी घरातला एक जुना फोटो आणायचा, आणि तो जिथं काढला होता, बरोबर त्याच जागी उभं राहून त्याची गोष्ट सांगायची.

"बाबा, उद्या ना आपण ओमतीच्या त्या गल्लीत जाऊन राहिलो. बाणवाले बाबा. तुम्ही त्या बाणाबद्दल सांगा ना. किसी को पताच नाही."

"रविवारी मी झोपतो."

"प्लीज ना बाबा! तीस लोक येणार आहेत."

"आणि मी त्यांना काय सांगू? तुमचा देव म्हणजे इंग्रजांनी मारलेली खूण? गुप्ताजी मला नाल्यात टाकतील."

"नाही टाकणार. तुम्ही प्यार से बोला."

प्यार से! मला वहीतली बेरीज प्यार से सांगता येत नाही. पण पोरीपुढे मी हात टेकले.

रविवारी सात वाजता गल्लीत तीस-पस्तीस माणसं जमली. कॉलेजची मुलं, निवृत्त जोडपी, एक डॉक्टरीणबाई. पोहे-जिलेबी गुप्ताजींकडून. गोष्टही पहिल्यांदा त्यांनीच सांगितली. गोंड राणीच्या सैनिकानं सोडलेला बाण दगडात घुसला आणि शत्रू इथूनच परत फिरला. टाळ्या पडल्या. मग ऋचानं माझ्याकडे पाहिलं.

गुप्ताजी शेजारीच उभे होते. तरी मी सांगितलं. पट्टी, दुर्बीण, यादी, बाण. बी-एम म्हणजे बेंचमार्क. शहरातल्या नाल्या, रस्ते, पाण्याच्या टाक्या अशा दगडांवरून मोजून बांधल्या. रामखिलावननं हळूच बूट घातले, पळायची तयारी.

गुप्ताजी पुढे आले. "मतलब, बाबा सरकारी कागज में दर्ज हैं?"

"जी। नंबर के साथ।"

"नंबर भी है!" ते गर्दीकडे वळले. "सुना सबने? रजिस्टर्ड हैं! अब कोई अतिक्रमणवाला हाथ लगाके दिखाए!"

त्यांनी मला मिठी मारली, हातातल्या जिलेबीसकट. माझ्या पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते विचारू नका.

मग फोटोंची पाळी आली. कुंदा मावशी दोन जणींच्या आधारानं पायऱ्यांवर आल्या. हातात एक काळापांढरा फोटो. त्यांचा मोठा मुलगा, वर्षाचा, टोपडं घातलेला, पाटावर बसलेला.

"वाढदिवस होता," मावशी म्हणाल्या. "याला खाली बसवलं की रांगत नाल्याकडे जाय. म्हणून पाटाचं एक टोक आमच्या पायरीवर टेकवलं, दुसरं बाबाच्या डोक्यावर, अन् याला वर बसवलं. एका जागी बसला मग, पाटावर पेढा खात."

लोक हसले. मी नाही हसलो. मी फोटो हिसकावल्यासारखा हातात घेतला. पाट एकदम सपाट होता, पेढ्यांची वाटीसुद्धा कलंडलेली नव्हती. त्याचं एक टोक मधल्या पायरीवर. मावशींच्या घराला पायऱ्या तीन, दगडी, त्याच जुन्या, गाय बांधायच्या कडीसकट. मी समोर पाहिलं. बाबांचा माथा आता मधल्या पायरीला नव्हता, वरच्या पायरीला लागला होता.

"मावशी, या पायऱ्या कधी बदलल्या?"

"काहून बदलू? माझ्या सासऱ्यानं बसवल्या त्या."

मी पिशवीतून टेप काढला. मधल्या पायरीपासून बाबांच्या माथ्यापर्यंत नऊ इंच. टेप पुन्हा लावून पाहिला, नऊच.

"अरे," डॉक्टरीणबाई फोटोत डोकावून म्हणाल्या, "ये तो ऊपर आ गए हैं!"

"आए नहीं," गुप्ताजींनी छाती काढली, "हमने उठाया है! जीर्णोद्धार में। हर साल सड़क पे डामर चढ़ता है, बाबा नीचे जा रहे थे। स्कूटर की धूल सीधे मुँह पे। तो ट्रक का जैक लगाया, नीचे ईंट दी, बैंड बजवाया, भंडारा किया!"

चार दिवस. अकरा नारळ. तीन वेळा पूर्ण गल्ली.

"गुप्ताजी! मैंने पूछा था न आपसे, पत्थर हिला है क्या?"

"हाँ, तो?" ते मनापासून चकित झाले. "हिले थोड़ी हैं। सीधे ऊपर गए हैं।"

गल्ली फुटली हसून. ऋचा तर खाली बसली. मला आधी इतका राग आला की कान गरम झाले. मग मावशींच्या दारातून आत विटांवर उभा फ्रिज दिसला आणि जीव भांड्यात पडला. खोटं बोलणारा दगड सापडला होता, आणि मी अजून सही केलेली नव्हती.

"कितना उठाया था?"

"पूरा एक बित्ता। पंडितजी ने अपने हाथ से नापा था।"

म्हणजे एक वीत. मी पंडितजींना घरून बोलावलं. ते दात घासायचे थांबून आले. रामखिलावननं स्टाफ आडवा धरला आणि पंडितजींनी त्यावर पंजा ताणून ठेवला. तीस वर्षांत पंडिताचा हात लावून वाचन घ्यायची माझी पहिलीच वेळ. साडेआठ इंच भरले. उरलेल्या अर्ध्या इंचात विटांचं सिमेंट आणि शेंदूर. इतकं स्वच्छ जुळलेलं काम मी क्वचितच पाहिलंय.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

"खालचा दगड वर उचललेला आहे. वरचाच खरा. नाली तिथं सोडता येणार नाही, नाल्याच्या कडेनं आणखी खाली न्यावी लागेल."

"पुरावा?"

"एक फोटो, एक पाट आणि पंडितजींचा हात."

"धोटे, हे तुम्ही शीटवर लिहिणार आहात?"

"रिमार्कमध्ये."

"लिहा. पण हात नका लिहू."

नाली दोनशे मीटर पुढे गेली. ठेकेदार कुरकुरला, साहेब माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. पण त्या पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं नाही आणि कुंदा मावशींचा फ्रिज विटांवरून जमिनीवर उतरला. त्यांनी मला बोलावून श्रीखंड खाऊ घातलं आणि ऋचाला सांगितलं, "तुझ्या बाबानं शब्द पाळला बाई." ऋचानं मला नंतर विचारलं, "बाबा, रडून राहिले का?" मी म्हटलं, शेंदूर गेला डोळ्यात.

पुढच्या साली रस्त्यावर पुन्हा डांबर पडलं. गुप्ताजींचा फोन आला. "भाईसाहब, बाबा फिर नीचे जा रहे हैं। सरकारी आदमी हैं, इसलिए आपसे पूछ रहे हैं। कितना उठाएँ?" मी गेलो. यंत्र लावून उभा राहिलो, बँड वाजला, जॅक फिरला. आधीची उंची, नंतरची उंची, दोन्ही वहीत घेतल्या. बाबांच्या खाली या वेळी गेल्या त्या मावशींच्या फ्रिजखालच्या विटा. आता घरात त्यांचं काही काम नव्हतं.

माझ्या वहीत तेव्हापासून एक रकाना जास्त आहे: पूजा होते का? उत्तर हो असेल, तर दगड हलला का असं मी विचारत नाही. शेवटचा जीर्णोद्धार कधी झाला ते विचारतो, आणि बँडवाल्याचा नंबर घेतो. त्याला तारीख बरोबर आठवते.