टपावरची थाप

फोन दादाच्या नंबरवरून आला, म्हणून मी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. ‘‘भरला का गॅस?’’ एवढंच विचारलं. पलीकडे अनोळखी आवाज होता. ‘‘भैया, ये गाड़ी वाले साहब आपके कौन हैं? लाइन आगे बढ़ गई, ये उठ ही नहीं रहे. शीशा बजाया, छत पर थाप मारी...’’ मी पंपावर पोचलो तेव्हा दादा स्टिअरिंगमागे बसलेला होता. पट्टा लावलेला, चष्मा नाकावर. मागचे हॉर्न तोवर थांबले होते. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. महिना होत आला, पण मला अजून हे खरं वाटत नाही. ज्या माणसाच्या गाडीचं साधं चाक कधी वाटेत पंक्चर झालं नाही, तो पंपाच्या रांगेत, पुढे दोनच गाड्या उरलेल्या असताना जातो... हे कसलं जाणं?

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. इथे भोपाळच्या मोठ्या कारखान्यात फोरमन होता, निवृत्तीनंतर आनंद नगरात राहायचा. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, बाकीचे नातेवाईक तिकडेच राहिले. त्यामुळे साखरपुडा असो की तेरावं, साडेतीनशे किलोमीटर ठरलेले. दादानं सीएनजीची गाडी घेतली आणि आमचा प्रवास गॅसच्या तालावर सुरू झाला. डिकी सिलिंडरनं खाल्लेली, म्हणून सामान वहिनींच्या मांडीवर. कुठल्या पंपावर प्रेशर चांगलं, कुठे दुपारी मशीन बसतं, सगळं त्याला तोंडपाठ. टाकीत पेट्रोल असायचं, पण त्याला हात लावायची वेळ आली तर स्वारीचं तोंड दिवसभर उतरलेलं. गॅस भरायचा तो पहाटेच, कारण गार हवेत तो जास्त मावतो, असा त्याचा सिद्धांत होता. आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं म्हणजे उतरायचंच! आमच्या नव्वदीच्या आत्यालाही सूट नव्हती. तिच्यासाठी तो गाडीत स्टूल ठेवायचा.

या उतरण्यातच एकदा घोळ झाला. आम्ही तिघंच होतो, मी पुढे, वहिनी मागे. बैतूलच्या अलीकडे गॅस भरला, दादा मला प्रेशरचं शास्त्र समजावत निघाला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘‘अगं, पाणी दे.’’ मागून उत्तर नाही. मागे वहिनीच नव्हत्या! आम्ही धावतपळत परतलो तर त्या पंपावरच्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. ‘‘गॅस भरला ना? मग झालं तर,’’ एवढंच बोलल्या, आणि नागपूरपर्यंत गप्प. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्या दिवसापासून नवा नियम झाला. गॅस भरून सगळे आत बसले की दादा एकेकाकडे बघून टपावर थाप मारायचा. जितकी माणसं तितक्या थापा, मग तो स्वतः बसणार. आम्ही मनसोक्त चिडवायचो, पण तो नियम त्यानं एकदाही मोडला नाही. पंपावर कोणाला सोडून जायचं नाही, बस्स.

आणि मी काय केलं? त्या पहाटे आम्हाला भाचीच्या साखरपुड्याला निघायचं होतं. दादा-वहिनी आदल्या दिवशीच आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये मुक्कामाला आले होते. पंपावर आम्ही दोघं भाऊ बरोबर जायचो, हे वर्षानुवर्षांचं. पाच वाजता त्यानं माझ्या खोलीच्या दारावर थाप मारली. ‘‘चल रे, गॅस गार आहे तोवर.’’ मी जागा होतो. पांघरुणातूनच म्हटलं, ‘‘तू जा ना दादा. टाक पेट्रोल आणि संपव एकदाचं.’’ तो दारापाशी क्षणभर थांबला. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला... मी शेजारच्या सीटवर असतो तर? स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मला नागपूरला माहेरी सोडा. ह्यांच्याच गाडीनं.’’ पहाटे त्याच पंपावर, त्याच रांगेत मी, माझी बायको आणि वहिनी. पुढे चार गाड्या होत्या. मला राहवेना. आरशात न बघता मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. दारावरची थाप, पांघरूण, पेट्रोल. रांग सरकत राहिली.

आमचा नंबर आला. पंपावरचा माणूस म्हणाला, ‘‘सब उतर जाइए.’’ आम्ही उतरलो, गॅस भरला, दोघी पुन्हा बसल्या. मी बाहेर उभा राहिलो. दोघींकडे बघून टपावर दोन थापा मारल्या आणि दाराच्या हँडलला हात घातला.

‘‘अजून एक, भाऊजी,’’ वहिनी आतून म्हणाल्या.

‘‘कोणाची?’’

‘‘ह्यांची. सगळ्यांना मोजलं ह्यांनी, ह्यांना कोणी मोजलंच नाही.’’

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी तिसरी थाप मारली आणि मग गाडीत बसलो.