खिळ्यावरची चावी

मोताळ्यात माझ्या सायकलचं पुढचं चाक चोरीला गेलं. आठवडाभर मी कापसाच्या जिनिंगवर कामाला पायी गेलो. उशीर झाला की मुकादम परत पाठवायचा. सायकलवाल्या चाचांनी जुनं चाक घातलं, आसाला खास चावीनंच फिरणारा कुलूपवाला नट बसवला आणि माझ्या हातात पाना दिला.

"आता चोर हो बे. खोलून दाखव."

दमलो, पण चाक निघालं नाही. चाचा लुंगीला हात पुसत हसले.

"दोन चाब्या हायेत. घर कुठं तुयं?"

"सांगलीकडं. इथं कुणी नाही."

"मंग एक इथं खिळ्याले राहू दे. हरवली तं कोणाले मांगशीन?"

अनोळखी माणसाकडं चावी? तरी दिली. त्यांचं नाव अजून माहीत नाही. संध्याकाळी थकून परतताना दुकानातल्या त्या खिळ्याकडं मात्र रोज बघतो. चावी तिथंच असते.