घळीतली पाथरी

आईला घेऊन निघाले तेव्हा एसटी स्टँडवर अर्धी गल्ली आली होती. आप्पा जाऊन तीन महिने झाले होते आणि लातूरकडच्या त्या घरात ती एकटीच उरली होती. पिशवीत दोनच लुगडी. "पंधरा दिसाच्या वर मी ऱ्हात नसते बघ," असं सगळ्यांसमोर बजावून ती गाडीत चढली. परतीचं तिकीट तर तिनं आधीच काढायला लावलं होतं.

मला पिंपळे सौदागरला येऊन चौदा वर्षं झाली. ह्यांची कंपनी चाकणला, शिफ्ट बदलती. सुरुवातीला मी तोंड उघडलं की शेजारणी हसायच्या, म्हणून 'कायला'चं 'कशाला' करून घेतलं. आता मी अगदी इथलीच वाटते म्हणे. पण आई बोलायला लागली की माझ्याही तोंडात 'कायला' परत यायचं. ती कायमची राहावी असं मला फार वाटत होतं, आणि ती बाल्कनीत बसून दिवस मोजत होती.

बाराव्या दिवशी सोसायटीच्या बायकांचा संध्याकाळचा वॉक होता. शहराच्या जुन्या भागात ओढ्याची खोल घळ आहे, तिथे आता उद्यान केलंय. जुना दगडी बांध, पायऱ्यांची विहीर आणि माहिती सांगायला एक हौशी मॅडम. 'सोपा रस्ता, ज्येष्ठांनाही जमेल' असं ग्रुपवर आलं होतं. आई म्हणाली, "काम न्हाई धंदा न्हाई, उगं कायला हिंडलालेत ही माणसं?" तरी आली. आली ती बांधावरून शेताला निघाल्यासारखी झपाझप, आणि आम्ही भारीतले बूट घालून धापा टाकत मागे.

मॅडम विहिरीबद्दल सांगत होत्या, तेवढ्यात शिट्टी वाजली. आई ओढ्याकाठी उकिडवी बसून पदरात पानं खुडत होती. "ओ आजी, इथं काही तोडायचं नाही!" वॉचमन ओरडला. सगळा ग्रुप बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, ही आपल्याबरोबर नसती तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं.

बागेत खुरपणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई उठून आल्या. "गप रं," त्या वॉचमनला म्हणाल्या, "पाथरी हाय ती, रानातली भाजी. आमी रोज उपटून टाकतो. खाऊ द्या की त्यास्नी." मग आईला म्हणाल्या, "भाकरीसंगं खाता न्हवं?"

"हाव, कच्चीच. मिठासंगं."

दोघी तिथेच बसल्या. त्या बाई म्हणजे पारूबाई, इथल्या जुन्या गावातल्या. वर टॉवर उभे आहेत तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं. "आमी हितनं कुटं गेलो न्हाई," त्या म्हणाल्या, "तरी ह्या घळीबिगर वळखीचं काय ऱ्हायलं न्हाई." आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आप्पा गेल्यापासून सगळे तिचीच समजूत घालत होते. तिला दुसऱ्या कुणाची घालताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रडू आलं.

आपलं घर गावाकडं की इथं, हा माझा चौदा वर्षांचा घोळ. त्या दोघींना बोलताना बघून वाटलं, ओळखीचं एक माणूस मिळालं तरी पुष्कळ होतं की.

घरी आल्यावर आईनं पाथरी धुवायला घेतली. "तिकीट बदल," ती पाठमोरीच म्हणाली. "गुरुवारी पारूबाईला खुरपू लागायला जायाचंय."

"मग पुढची तारीख कुठली टाकू?"

"घळीतली पाथरी सरली की बघू."

पाथरी कधी सरते ते मला आठवेना. आणि मी विचारलंही नाही.