नैवेद्याची होडी
ताडपत्री भिजली की तिचा उग्र वास सुटतो आणि माझं डोकं फिरतं. गोव्यात शिडाच्या बोटीवर काम करणारा माझा थोरला भाऊ यात्रेला गावी आला होता. मासेमाराच्या होडीला त्यानं ताडपत्रीचं शीड बांधलं आणि नैवेद्याची टोपली घेऊन आम्ही धरणापलीकडच्या देवाला निघालो. वारं समोरून होतं. त्यात शिडाची होडी सरळ पुढं जात नाही, म्हणून तो ती तिरकी नेत होता. त्यानं शिडाची दोरी जराशी सैल सोडली, तशी कललेली होडी सावरली, सुकाणू हलकं झालं आणि घाबरलेली आई चक्क पान लावायला बसली. आमच्या वडिलांना, अप्पांना मात्र ते बघवेना. “नैवेद्य घिऊन आडवं कामून जायलास? देवाकडं तोंड कर!” म्हणत त्यांनी सुकाणू हिसकावलं. होडी वाऱ्यात अडली, शीड फडफडलं, लाटेनं टोपली पाण्यात गेली आणि अप्पांनी थोबाडीत मारली ती भावाच्याच. वल्ही मारून त्यानं आम्हाला काठाला लावलं आणि तो गोव्याला गेला, तो परत आलाच नाही. अजून दर यात्रेला अप्पा मला विचारतात, “पोरगं कामून येईना गं?” “तुम्ही सांगितलं तसं सरळच यायलाय,” मी म्हणते, “वारं पडू द्या.”