शिवलेली पट्टी

उदगीरच्या मोंढ्यातल्या या आडत्यानं मला वैताग आणलाय. तुरीच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे बघितल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत, आणि तीच खोड त्यांनी स्वतःच्या टाचेच्या जखमेला लावलीय. साखरेचा आजार, जखम खोल. पाय वाचावा म्हणून मी दवाखान्यात नीट ड्रेसिंग करून पाठवते, अन् हे दुकानाच्या गादीवर बसून पट्टी सोडून बघतात.

"अण्णा, पुन्हा उघडलीत?"

"जरासं बघितलं, सिस्टर. आत काय चालू हाय ते कळाया नको?"

शेवटी मी समजावून सांगितलं. जखमेत शरीर आधी बारीक तंतूंची जाळी विणतं. रक्तातल्या पेशी येऊन तिच्यावर बसतात आणि जाळी जशी असेल तशा घडतात. फाटकी असली की भांडत राहतात, नीट बसलेली असली की डागडुजीला लागतात. "तुम्ही रोज ती जाळी फाडता, म्हणून त्यांचं भांडणच मिटत नाही."

"हाव, पटलं," म्हणाले. समोरच्याला गप्प करायचं असलं की त्यांना सगळं लगेच पटतं.

परवा मात्र पट्टीचं टोक सुतळीनं शिवून आले, दाभणानं पोतं शिवतात तसं. "आता उघडायचा सवालच न्हाई!" मला खरंच बरं वाटलं.

सुतळी कापायला कात्री लावली, तर सुतळीच्या शेजारीच उसवलेल्या शिवणीच्या भोकांची आणखी एक ओळ होती.