इसारात दिलेलं मार्क्स कार्ड

मी चिटगुप्प्याच्या बाजारात बैलांचा दलाल हाव. दुसऱ्याच्या बैलाची तारीफ करून पोट भरायचं, येवढाच धंदा. एकदा एका गिऱ्हाइकाला आईची आन घेऊन सांगितलं की ह्यो बैल लई गरीब, लेकरानं शेपूट वढली तरी हलत न्हाई. आन् त्याच बैलानं पिकअपमधून उतरवताना मला असं हानलं की मांडीचं हाड मोडलं. मी खाली बोंबलायलोय आन् गिऱ्हाईक बैलाच्या पायाला हात लावून बघायलंय, त्याला तर काई लागलं न्हाई ना म्हनून.

बिदरला दवाखान्यात मांडीत सळई घातली. म्होरं तीन महिने खाटेवर. माझं सगळं बायकोनं केलं. मी काई सोपा पेशंट नव्हतो. मच्छर चावला तरी ‘पाय गेला’ म्हनून वरडायचो. पन मला खाटेवर तसंच ठिऊन ती अंगाखालची चादर बदलायची, आन् मोडका पाय बोटभर हलायचा न्हाई. पाठीला एक फोड येऊ दिला न्हाई तिनं. दवाखान्यात व्हतो तवर तिथली एक जुनी सिस्टर ते रोज बघायची. कानडी बाई. ती म्हनली, "अक्का, हात चांगलाय तुझा. ट्रेनिंग माडरी." ट्रेनिंग करा, असं. बायको हसली. मीबी हसलो. मी हसून इसरलो, ती इसरली न्हाई.

बायको धावी पास हाय. राजेश्वर गावच्या मराठी शाळेत शिकली आन् पास झाल्या झाल्या माझ्या गळ्यात पडली. तिचं मार्क्स कार्ड पेटीत, लुगड्याच्या घडीत ठिवलेलं. मी शाळेत गेलो ते मास्तरची म्हैस धुवायला. त्यामुळं घरात येकच मार्क्स कार्ड, आन् त्येबी तिचं.

मी काठी टेकत चालायला लागलो तसं तिनं इषय काढला. सिस्टरला इचारून तिनं सगळं ठरवलंच व्हतं. गुलबर्ग्यात एका दवाखान्याचा सालभराचा कोर्स हाय, नर्सच्या हाताखालचं काम शिकवतेत. सकाळी वर्ग, दुपारून वार्डात खऱ्या पेशंटपाशी. सोमवार शेवटचा दिवस, आन् धावीचं असली कार्ड दाखवल्याबिगर घेत न्हाईत. राहायचं तिच्या थोरल्या बहिनीकडं, शनवारी दुबलगुंडीला घरी यायचं.

मला पटलं न्हाई. खरं कारन सांगतो, सहा दिवस भाकरी कोन करनार, ह्येच माझ्या डोक्यात. तोंडानं मातर म्हनलो, येवढ्या लांब कामून? हितं जवळच्या गावात स्टँडासमोर एक इन्स्टिट्यूट निघालीय, सहा महिन्यात शिकवतेत, सांजच्याला घरी. ती म्हनली, आधी बघून तर या. मी म्हनलो, बघायचं माझ्यावर सोड, माझा जलम बघन्यात गेला. तिनं कार्ड दिलं, आन् दोनदा बजावलं की दाखवा आन् परत आना.

त्या गावाचं नाव सांगत न्हाई, कारन मूर्खपना माझा हाय, गावाचा न्हाई. इन्स्टिट्यूट म्हनजे वरच्या मजल्यावर तीन खोल्या. पन रंग काय, काचा काय, पांढऱ्या कोटातल्या पोरींचे फोटो काय. म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून इकनारा मी, त्या भिंती बघूनच इरघळलो. तिथल्या सरांनी मला अण्णा म्हनून खुर्ची दिली. मला खुर्ची कुनी देत न्हाई. मंग फीचा इषय निघाला तसा मी सवयीनं खांद्यावरचा टावेल त्यांच्या हातावर टाकला आन् खालून त्यांची बोटं धरली. बाजारात आमी भाव तसाच करतो, टावेलाखाली, कुनाला दिसू न देता. सर घाबरून उठलेच. त्यांना वाटलं मला फिट आली. पानी पाजलं मला. त्या पान्यानं मी आनखी लाजलो, आन् सौदा पक्का करायच्या घाईत इसार म्हनून कार्ड त्यांच्या टेबलावर ठिवलं. त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावलं.

घरी येऊन म्हनलो, बघायलेत, बघून देतेत. दोन दिवस तिच्या नजरंला नजर दिली न्हाई. आमच्या धंद्यात इसार दिला म्हनजे जबान दिली. परत मागितला तर बाजारात कुनी दावनीपाशी उभं करत न्हाई. शनवारी सकाळी ती कार्डाला घालायला नवी पिशवी घेऊन आली, तवा सांगावंच लागलं.

ती खाली बसली. वरडली न्हाई.

"त्यांनी मागितला का इसार?"

"न्हाई."

"मंग कामून दिलात?"

"सौदा झाला की देतेत."

"आवो, ह्या सौद्यात बैल कोन हाय? मी का?"

तीन महिने जिनं मला लेकरावानी उचललं, तिचं नाव मी दावनीला बांधून आल्तो. आन् सोमवारला दोनच दिवस व्हते.

दुपारी दोघं गेलो. सरांनी गोड बोलून सांगितलं की अॅडमिशन झालंय, असली कार्ड आता पुरी फी भरल्यावरच मिळंल. बायको म्हनली, बरं, मंग तुमचं शिकवनं तरी दाखवा. कंच्या दवाखान्यात नेता पोरींना? सर म्हनले, नेनार हाव. तिनं इचारलं, आतापातूर काय शिकवलं? तिथं दोन महिने शिकलेल्या दोन पोरी व्हत्या. एका खोलीत एक खाट व्हती, तिच्यावर जाहिरातीच्या कागदाचे गठ्ठे. तिनं गठ्ठे खाली ठिवले, मला म्हनली, झोपा. खाटेवर झोपायची मला सवयच, झोपलो. ती पोरींना म्हनली, ह्यांना न उठवता ह्यांच्या अंगाखालची चादर बदला.

बैल घेताना बघतेत तसं मी दात बघितले, रंग बघितला, पन औताला जुपून बघायचं मला सुचलं नव्हतं. ते तिला सुचलं.

पोरी बिचाऱ्या गरीब घरच्या, दोष त्यांचा न्हाई. त्यांना कुनी शिकवलंच नव्हतं. एकीनं चादर धरली, दुसरीनं माझा पाय. तोच पाय. वढला तशी मी बोंब मारली, ती खालच्या हाटेलापातूर गेली. बाहेर दोन बाया लेकींचं नाव घालायला आल्त्या, त्या दारात येऊन उभ्या. मी ‘पाय गेला, पाय गेला’ म्हनायलो. सर म्हनायलेत, अण्णा हळू. बायको नुसती हात म्होरं करून उभी. सरांनी एकदा दारातल्या बायांकडं बघितलं, कपाट उघडलं, कार्ड दिलं.

जिना उतरताना ती म्हनली, जलमात पैल्यांदा डोकं चालवलंत, काय नाटक केलंत. मी म्हनलो, व्हय. नाटक कशाचं, बोंब खरीच व्हती, घरी येऊन तिच्याकडूनच पाय शेकून घेतला.

सोमवारी पहाटंची बस धरली. वाटंत तिनं म्होरलं सगळं सांगितलं. साल झालं की बिदरला न्हाईतर हुमनाबादला वार्डात काम बघायचं. दोन सालं काम करीत बाहेरून बारावी द्यायची. मंग सिस्टर म्हनती तसं खऱ्या नर्सिंगचं बघायचं, वय आडवं आलं न्हाई तर. आलं तर म्हाताऱ्या मानसांची घरी जाऊन सेवा करायची, त्येचंबी काम लई हाय. मी इचारलं, ह्यात मी कुठं हाव? ती म्हनली, तुमी भाकरी शिका. मी आदल्या दिवशी एक थापली व्हती. कुत्र्यानं वास घेतला आन् दूध नसलेल्या भांड्याकडं गेलं.

गुलबर्ग्याला दवाखान्यात लाईन व्हती. खिडकीत एक म्हातारे साहेब बसल्ते. बायकोनं कानडीत नाव सांगितलं, मराठी शाळंतली म्हनून जरा अडखळली, पन सांगितलं. मी मागं उभा, नजर त्या कार्डावरच. साहेबांनी कार्ड उजेडात धरून बघितलं, झेरॉक्सवर शिक्का मारला, वहीत तिची सही घेतली. आन् असली कार्ड खिडकीतून तसंच परत दिलं. "निम्म हत्र इरली," म्हनले. तुमच्यापाशीच असू द्या.

मला येवढं हलकं वाटलं की काठी तिथंच टेकून मी इसरून चाल्लो व्हतो. मागच्या बाईनं हाक मारून दिली.

कार्ड धरायला मी हात म्होरं केला. बायकोनं माझ्या हाताकडं बघितलं, आन् कार्ड आपल्या पिशवीत घातलं.