आधी रडारला वाट

उचगावात आम्ही दोघं मित्र इंटरनेट पुरवायचो, तो त्याच्या गच्चीवरून, मी माझ्या. हवेतल्या लहरींची वाट फुकट वापरायला मिळते, पण एका अटीवर. खरा मालक आधी. हवामानाचं रडार त्याच वाटेवर बोलतं आणि त्याचे ठोके ऐकू आले की आपल्या यंत्रानं गुमान गप्प बसायचं. ही अट मला त्यानंच शिकवली. माझं यंत्र बसवलंही त्यानंच, आणि त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर माझ्या आक्काच्या हातची भाकरी खाऊन ढेकर दिला.

आक्का घरबसल्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. दाजी गेल्यापासून तिचं घर त्याच कामावर चाललं होतं. अलीकडं माझ्या यंत्रावरून जाणारं तिचं नेट सारखं तुटायला लागलं. यंत्र तपासलं की एकच उत्तर, रडार ऐकू आलं म्हणून थांबलो. मालकाशी भांडणार कसं? कंपनीनं आक्काला शेवटची ताकीद दिली.

मित्र हळहळला. म्हणाला, "आक्काला माझं कनेक्शन देतो की भावा." माझी बरीच गिऱ्हाइकं तोवर त्याच्याकडं गेली होती, तरी मला तो देवमाणूस वाटला. असला मी बिनडोक. आक्कानंच नको म्हटलं. "भावाचं असताना दुसऱ्याचं कशाला?"

मग एके दिवशी पहाटेच गावातली लाईट गेली. माझं यंत्र बॅटरीवर चालू होतं, वस्तीवर लाईट होती. दुपारी आक्काचा फोन आला. "सकाळपासनं एकदाबी तुटलं न्हाय. काय केलंस रं?"

मी काहीच केलं नव्हतं. मित्राकडं निघालोय, एवढंच तिला सांगितलं. त्या खुशीतच माझी जादाची बॅटरी गाडीवर टाकून मित्राकडं गेलो, कारण त्याची सकाळीच पार बसली होती. चिमटे मीच लावले. त्याच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला आणि थोड्या वेळात माझा फोन वाजला.

"गेलं की रं परत," आक्का म्हणाली.

मी दिव्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्यानं मान खाली घातली.

"रडार हितं हाय व्हय?"

"धंदा हाय भावा," तो पुटपुटला.

माझं यंत्र मान राखून गप्प बसतं, हे ठाऊक असलेला तोच एकटा होता. रडारसारखे खोटे ठोके सोडून त्यानं आक्काच्या पोटावर पाय दिला होता. मी चिमटे उपसून काढले. फोन अजून कानालाच होता.

"आलं बघ," आक्का म्हणाली. "त्यानं दुरुस्त केलं व्हय? जेवायला घिऊन ये त्याला."